बरणी तीच होती

सुमनकाकूंनी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख मागितला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर काही वेगळंच होतं. "अगं, तू त्या चायनीज औषधांवर रिसर्च करायचीस ना? मग खोकल्यावर काहीतरी लिही. विंटरमध्ये सगळ्यांना यूजफुल होईल. एक पान पुरे."

मी हो म्हटलं. काकूंना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही. अमेरिकेत, ॲन आर्बरला आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी त्यांच्याच घरी, तळघरातल्या खोलीत राहत होते. तेव्हाही त्या "आणखी एक पोळी?" म्हणायच्या आणि मी हो म्हणायची.

पण या लेखात खोकल्यावरचं औषध नाही. आणि तो एका पानात मावलेलाही नाही.

गणपतीच्या कार्यक्रमात लोक मला अजून गाठतात. एका काकांनी मागच्या वर्षी खिशातून गोळ्यांची बाटली काढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "यातलं ॲक्टिव्ह इन्ग्रेडिएंट कोणतं, सांग बघू." मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना तो विनय वाटला. "हिचं ट्रेनिंगच तसं आहे, कमिट करायचं नाही," असं ते शेजारच्या काकांना म्हणाले. खरं सांगायचं तर तीन वर्षांत आमच्या प्रयोगशाळेने एकही पदार्थ छातीठोकपणे वेगळा काढून दाखवला नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमची प्रयोगशाळा छोटी होती. शहराच्या कडेला, विटांच्या एका बैठ्या इमारतीत चार खोल्या. डॉ. वॉर्नर हे प्रमुख, त्यांच्या हाताखाली चीनहून दोन वर्षांसाठी आलेले मिस्टर लिन, आणि मी. मी मुंबईहून एम.एस्सी. करून आलेली सहायक. साल शहाऐंशीच्या आसपासचं.

काम सांगायला सोपं होतं. चिनी वैद्य छातीच्या आजारांवर जी मुळं, साली, फुलं उकळून देतात, त्यांत जंतू मारणारं नेमकं काय आहे ते शोधायचं. त्यांतली काही आपल्या ओळखीची असतात. ज्येष्ठमध त्यांच्याकडेही आहे. आमच्या वाट्याला आलं होतं हुआंग-चिन नावाचं मूळ. आतून हळदीसारखं पिवळं, चवीला कडू. काढ्यात एका वेळी शंभर पदार्थ उतरतात. त्यांतला काम करणारा एक शोधायचा, म्हणजे भरलेल्या सभागृहात कोण शिंकलं ते ओळखायचं. सगळ्यांना एकदम विचारून उपयोग नसतो. मग अर्धे लोक बाहेर काढायचे, पुन्हा ऐकायचं, पुन्हा अर्धे काढायचे.

त्यातलं माझं काम पहिलं आणि शेवटचं. मूळ दळायचं, चाळायचं, बरणीत भरायचं. बरणीतून मोजून पूड घ्यायची, थंड पाण्यात रात्रभर भिजत ठेवायची. उष्णता वापरायची नाही, हा डॉ. वॉर्नरांचा नियम. उष्णतेने नाजूक पदार्थ मोडतात, असं ते सांगत आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. सकाळी गाळलेलं पाणी मिस्टर लिनना द्यायचं. ते हे पाणी पांढऱ्या पुडीने भरलेल्या उंच काचेच्या नळीतून हळूहळू खाली उतरवत. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या वेगाने उतरतात, ते वेगवेगळ्या बाटल्यांत धरायचे. मग पुन्हा माझी पाळी. काचेच्या चपट्या बशीत निमोनियाचे जंतू वाढवायचे, प्रत्येक बाटलीतला थेंब कागदाच्या चकतीवर घ्यायचा, चकती बशीत ठेवायची. दुसऱ्या दिवशी बघायचं. औषध काम करत असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, एक स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते पट्टीने मोजायचं. चकती स्वतःच सहा मिलिमीटरची. म्हणजे वहीत 'सहा' लिहिलं, तर त्याचा अर्थ शून्य.

बाहेरच्या माणसाला हे कंटाळवाणं वाटेल. मला आवडायचं. कुणाशी बोलावं लागायचं नाही.

मिस्टर लिनही फार बोलत नसत. पन्नाशीचे, सडपातळ, पांढऱ्या कोटाच्या आत एकावर एक दोन स्वेटर. एकदा दुपारी डबा खाताना त्यांनी मला सांगितलं, की तरुणपणी त्यांना रसायनशास्त्रातून काढून खेड्यात डुकरं राखायला पाठवलं होतं. नऊ वर्षं. "डुकरं बुद्धिमान असतात," ते म्हणाले. "पण रसायनशास्त्रात त्यांना गोडी नाही." मी हसले. तेही हसले, आणि मग शांतपणे म्हणाले, "मिस वीणा, या वेळी मला काहीतरी घेऊन परत जायला हवं. एक नाव, एक पेपर. रिकाम्या हाताने गेलो तर तिसऱ्यांदा सुरुवात करायला वय उरलेलं नाही."

डॉ. वॉर्नर दोन वर्षांच्या शेवटी मिस्टर लिनच्या चीनमधल्या संस्थेला अहवाल पाठवणार होते. त्यात काय लिहिलं जाईल, त्यावर सगळं होतं.

मुळं आणायला सुरुवातीला मी आणि मिस्टर लिन डेट्रॉइटला गेलो होतो, काकूंच्या गाडीतून; चालवायला काकूच होत्या. गल्लीला उतरती कळा लागलेली, पण दुकान जुनं, भिंतभर लाकडी खण. दुकानाची मालकीण सत्तरीची. ती दक्षिणेकडची, मिस्टर लिन उत्तरेकडचे. एकमेकांची बोली एकमेकांना कळेना. मग दोघं वर्तमानपत्राच्या कडेवर अक्षरं लिहून बोलले. मला ते फार आवडलं. न बोलता बोलायची ती रीत मला जन्मभर चालली असती.

आम्ही ते कशात भिजवतो, हे तिने खुणेने विचारलं. मी नळ दाखवला. थंड पाणी. ती बाई चिडलीच. तिने खणातून मुळाचा तुकडा काढला, माझ्या नाकासमोर धरला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "हॉट! फर्स्ट हॉट! कोल्ड, गो ग्रीन. ग्रीन, नो गुड." आणि तुकडा कचऱ्यात टाकल्याचा अभिनय केला.

परतताना मिस्टर लिन म्हणाले, "माझी आईसुद्धा असंच म्हणायची. हिरवं झालं की मेलं. जुन्या बायकांच्या समजुती. आपण केमिस्ट आहोत."

आणि त्यांचं खरं ठरलं. त्या दुकानातलं मूळ थंड पाण्यात रात्रभर ठेवूनही पिवळंच राहिलं. पहिले चार महिने वर्तुळं झकास आली. अठरा मिलिमीटर, एकोणीस. मिस्टर लिन पट्टी माझ्या हातातून घेऊन स्वतः मोजत आणि मोजून झाल्यावर ती कोटाच्या बाहीने पुसत. डॉ. वॉर्नर एकदा दारात उभे राहून म्हणाले, "लिन, हे खरंच काहीतरी आहे." त्या दिवशी मिस्टर लिननी एक स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला. मला ते पक्कं आठवतं, कारण तेवढ्यापुरती त्यांना अमेरिकेत थंडी वाजली नव्हती.

मग डिसेंबर आला. बर्फ पडायला लागलं. मुळाची बरणी एक तृतीयांशावर आली होती. डेट्रॉइटला हायवेने जायचं, तेही बर्फात, आणि माझं लायसन्स दोन महिन्यांचं. मिस्टर लिनना गाडी चालवता येत नव्हती, आणि काकू बर्फात हायवेला गाडी काढत नसत. डॉ. वॉर्नरांना सांगायला हवं होतं, की मला भीती वाटते. ते मला सांगता आलं नाही. त्याऐवजी मी बसने गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका चिनी किराणा दुकानात गेले. तिथे प्लास्टिकच्या पाकिटांत तेच मूळ मिळत होतं. मिस्टर लिननी लिहून दिलेल्या कागदाशी मी पाकिटावरची अक्षरं एकेक करून ताडून पाहिली. तीच होती.

घरी आणलं, दळलं, आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जाऊन बरणीत ओतलं. जुन्यावरच. मग झाकण लावून बरणी चांगली हलवली, म्हणजे एकजीव होईल.

हे वाचणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला आता घाम फुटला असेल. प्रत्येक नव्या मालाला नवी बरणी, नवी चिठ्ठी, वहीत नवी ओळ, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं. पण हात वेगळ्या घरात तयार झालेला होता. आमच्या घरी डब्याचा तळ दिसू देत नाहीत. मूठभर तांदूळ उरले, की त्यावर नवे ओततात. डबा रिकामा होणं अशुभ. आई तसं करायची, काकूही तसंच करतात. डाळ या दुकानातून आली की त्या, असं डब्यावर कुणी लिहीत नाही. दुकान बदलल्याचं मला सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. नंतर तीन वेळा मी त्याच पाकिटांतून बरणी भरली.

वहीत रंगाचा एक रकाना होता. पहिल्या ओळीत मी 'पिवळा' लिहिलं होतं आणि खाली रोज 'वरीलप्रमाणे'ची दोन टिंबं देत होते. टिंबांची ती रांग पानंच्या पानं खाली उतरत गेली.

जानेवारीत वर्तुळ पंधरावर आलं. मग अकरावर. गाळलेलं पाणी आधी मळकट झालं, मग शेवाळी. मी ते पाहत होते. टिंबं देत होते.

एकदा मिस्टर लिननी चंचुपात्र उजेडासमोर धरलं. बराच वेळ धरलं. मग विचारलं, "मिस वीणा, मूळ तेच आहे ना?"

"बरणी तीच आहे," मी म्हटलं.

त्या वेळी मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी मान हलवली आणि नळ्या धुवायला घेतल्या. त्यांना वाटलं, दोष त्यांच्या नळ्यांत आहे. ते नळ्या पुन्हापुन्हा धूत राहिले. हातांची सालं निघाली.

मार्चमध्ये वहीत सहा आलं. पुन्हा सहा. पुन्हा सहा.

डॉ. वॉर्नर वाईट माणूस नव्हते. त्यांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं, माझी वही उघडून टेबलावर ठेवली आणि ओळीवरून बोट फिरवत म्हणाले, "मूळ एकच. पाणी एकच. रंग एकच. तापमान एकच. बदलतं आहे ते फक्त उत्तर." मग माझ्याकडे वळून, "वीणा, सुरुवातीच्या आणि आताच्या मालात काही फरक?"

त्या क्षणी मला प्लास्टिकची पाकिटं आठवली. तेव्हाच, पहिल्यांदा. मिस्टर लिन माझ्याकडे पाहत नव्हते, वहीकडे पाहत होते. माझा व्हिसा डॉ. वॉर्नरांच्या सहीवर होता. खोलीत तीन माणसं होती आणि मला तीन माणसांसमोर शाळेतही कधी बोलता आलं नव्हतं. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी फक्त तोंडातून आलं, "नाही. बरणी तीच आहे."

"मग राहतं एकच," डॉ. वॉर्नर म्हणाले. ते काय, ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून पहिल्या चार महिन्यांच्या बशा कुणी मोजल्या होत्या, हे ते दोनदा विचारून गेले. मिस्टर लिननी मोजल्या होत्या. बाहीने पट्टी पुसत.

मिस्टर लिनची परतण्याची तारीख जवळ आली. त्यांच्या जाण्याआधीच्या शनिवारी मी दुपारी एकटी प्रयोगशाळेत गेले. किराणा दुकानातलं मूळ दळलं. अर्धं थंड पाण्यात टाकलं, अर्धं उकळत्या पाण्यात. थंड पाणी संध्याकाळपर्यंत हिरवं झालं. उकळलेलं पिवळं राहिलं, काकूंच्या कढीसारखं. दोन्हींचे थेंब चकत्यांवर घेतले.

रविवारी पाहिलं. हिरवं सहा. पिवळं अठरा.

नंतर वाचून कळलं, की या मुळातच एक पाचक, म्हणजे एन्झाइम, असतो. थंड पाणी लागलं की तो जागा होतो आणि कामाचा पदार्थ मोडून टाकतो. मोडलेला भाग हवेने हिरवा होतो. उकळत्या पाण्याने तो पाचक मरतो. चांगले दुकानदार मूळ वाळवण्याआधीच वाफवून घेतात. डेट्रॉइटच्या बाईचं मूळ वाफवलेलं होतं. पाकिटातलं नव्हतं. बस, एवढंच.

बशी रुमालात गुंडाळून मी मिस्टर लिनच्या खोलीवर गेले. त्यांची बॅग भरलेली होती, दोरीने बांधलेली. मी बशी दिली. त्यांनी ती खिडकीशी नेली. त्यांच्याकडे पट्टी नव्हती, बोटाच्या पेराने मोजलं.

"हिरवं," ते म्हणाले. "मी पाहिलं होतं. आई आठवली होती. पण डॉक्टरांना काय सांगू? माझ्या आईने सांगितलंय म्हणून?" मग थोडं हसून, "मला वाटलं, तुम्ही सांगाल. भारतातही मुळं असतात."

"मला वाटलं, तुम्ही सांगाल," मी म्हटलं.

त्यांनी बशी पुन्हा उजेडाकडे धरली. मग केमिस्टसारखं त्यांनी विचारायचं ते विचारलं. "पण मूळ पहिल्यापासून हेच, तर पहिले चार महिने ते हिरवं का झालं नाही?"

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी मध्ये दुकान बदललं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी बशी माझ्या हातात परत दिली. "अहवाल शुक्रवारी टपालात गेला," ते म्हणाले. "पण तुम्ही चांगलं काम केलंत."

ते गेल्यावर मी बशी डॉ. वॉर्नरांना दाखवली. मनात होतं, हे पाहिल्यावर सगळं आपोआप उलगडेल, मला काही बोलावं लागणार नाही. त्यांनी भिंग घेऊन नीट पाहिलं. उत्साहाने खुर्चीतून उठले. आणि मग पुन्हा बसले.

"थांब," ते म्हणाले. "थंड पाण्याने हे मरतं, तर लिनचे पहिले आकडे येणंच शक्य नव्हतं. माल एकच होता ना?"

मी मान हलवली. हो अशी.

"अरेरे," डॉ. वॉर्नर म्हणाले. मनापासून म्हणाले. अहवालात त्यांनी फक्त 'निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत' एवढंच लिहिलं होतं. आता त्यांनी मिस्टर लिनच्या संस्थेला आणखी एक पत्र लिहिलं. ते मी वाचलं नाही. टाइपरायटरचा आवाज मात्र शेजारच्या खोलीतून ऐकला. माझ्या बशीने मिस्टर लिन सुटायचे होते. त्याच बशीने ते पुरते अडकले.

अनुदान त्या उन्हाळ्यात संपलं. प्रयोगशाळा बंद झाली. मी डेट्रॉइटला गेले, आता गाडी चालवायला भीती वाटत नव्हती, पण दुकानाला फळ्या ठोकलेल्या होत्या. बरणी मीच धुतली. डॉ. वॉर्नरांनी मला उत्तम शिफारसपत्र दिलं. त्यात 'काटेकोर नोंदी' असे शब्द आहेत. त्या पत्रावर मला आताची नोकरी मिळाली.

पुढच्या नववर्षाला मिस्टर लिनचं कार्ड आलं. त्यांच्या संस्थेत ते आता काचसामानाच्या कोठीत आहेत. विद्यार्थ्यांना नळ्या आणि बशा मोजून देतात, संध्याकाळी मोजून परत घेतात. काम शांत आहे, असं लिहिलं होतं. खाली, बारीक अक्षरांत: 'तुमच्या बशीचा मी पुष्कळ विचार केला. आता मला वाटतं, पहिली वर्तुळं मी आशेने मोजली. मोठी मोजली असणार. तुमचे कष्ट वाया घालवले, त्याबद्दल क्षमस्व.'

वर्तुळं अठराचीच होती. मी शेजारी उभी होते. मी पाहिली होती.

त्या कार्डाला उत्तर लिहायला मी चार वेळा बसले. इंग्रजीत पहिलं वाक्य लिहिते आणि थांबते. इंग्रजीत माझं सगळं शिक्षण झालं, मराठी मी घरात आणि काकूंच्या मासिकांतून शिकले. आणि हे मला लिहिता आलं ते मराठीत, जी त्यांना वाचता येत नाही.

लेख कुठवर आला ते सांगायला काल काकूंकडे गेले होते. त्या ओट्याशी तूरडाळीचं नवं पाकीट फोडत होत्या.

"काकू, डब्यात जुनी किती आहे?"

"असेल मूठभर. का गं?"

"काही नाही."

त्यांनी पाकीट डब्यात ओतलं, डबा दोन्ही हातांनी हलवला, झाकण दाबून बसवलं.

"खोकल्याचं लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.